पी१० बोर्डावर फॅटचा आकडा चुकतो, बफर टाकला तरी तेच, कुणी सांगेल का?

डेअरीवाला_पोरगा:
नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, घरचं दूध संकलन केंद्र आहे. काका म्हणाले बाहेर भिंतीवर मोठा बोर्ड लाव म्हणजे कोड नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर सगळं लोकांना लांबून दिसेल आणि काउंटरवर गर्दी होणार नाही. तर लाल पी१० ची (एलईडी ठिपक्यांची) चार पॅनल एका ओळीत लावलीत, ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर) वर डीएमडी लायब्ररी (पॅनलवर मजकूर दाखवायचा तयार कोड). ईएसपी आणि ५ व्होल्ट २० अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) दोन्ही आत काउंटरपाशी, तिथून भिंतीतून अडीच मीटर एफआरसी केबल (चपटी पट्टीची) आणि सोबत पॉवरची लाल-काळी वायर बाहेर बोर्डाकडे.

टेबलावर वीतभर केबलवर दोन पॅनल मस्त चालत होती. भिंतीवर चढवली आणि तमाशा सुरू. कधी अख्खा मजकूर एक खांब सरकतो आणि लगेच परत जागेवर येतो त्यामुळे अक्षरं थरथरल्यासारखी दिसतात, सरकतो तेव्हा मधेच काही ठिपके भलत्याच ओळीत जातात, आणि कधी नुसतेच ठिपके गायब. परवा ८ च्या डाव्या बाजूचे ठिपके गेले आणि ३.८ ची फॅट ३.३ दिसायला लागली. मग काय, ज्यांचं दूध होतं ते आजोबा ऐकायलाच तयार नाहीत, पावतीवर ३.८ छापलंय तरी म्हणे बोर्ड खरा, पावतीत तुम्ही काय पण छापाल.

सगळ्यात जास्त गोंधळ शेवटच्या म्हणजे चौथ्या पॅनलवर होतो, ते बदलून दुसरं लावलं तरी तेच. ब्राइटनेस कमी ठेवला तर बरं चालतं, फुल केला की बिघडतं. केबलला हात लावला तरी फरक पडतो. एसपीआयचा क्लॉक (पॅनलला एकेक बिट पाठवायचा ठोका) ४ मेगाहर्ट्झवरून १ वर आणला, अजून खाली पण आणून बघितला, काही उपयोग नाही. नेटवर वाचलं की ईएसपीच्या ३.३ व्होल्ट सिग्नलचं ५ करायला मधे बफर चिप लागते म्हणून पुण्याहून तपकीर गल्लीतून २४५ नंबरचा बफर मागवला, ब्रेडबोर्डवर टाकला, पण जैसे थे. आता काय करू?

सोल्डर_सम्राट:
भावा यूएलएन२८०३ टाक ना, आठ चॅनल येतात, रिले बिले सगळं चालतं त्याच्यावर. स्वस्त आणि मस्त.

एम्बेडेड_ताई:
यूएलएन नको. ते डार्लिंग्टन (ट्रान्झिस्टरच्या जोड्या) आहे, फक्त खाली ओढतं, वर न्यायला त्यात काहीच नाही. इनपुट हाय दिलं की आउटपुट ग्राउंडला, इनपुट लो दिलं की आउटपुट अधांतरी, म्हणजे सिग्नल उलटा पण होणार आणि पुलअप (वर ओढणारा रेझिस्टर) लावला तरी वर चढणार रमतगमत. रिले, स्टेपर मोटर, मोठे सेव्हन सेगमेंट यासाठी चांगलं आहे, क्लॉकच्या वाटेला पाठवू नका.

@डेअरीवाला_पोरगा, २४५ म्हणजे नक्की कुठला ते चिपवर बघून अख्खं लिही. ७४ आणि २४५ च्या मधली अक्षरं काय आहेत? शिवाय पिन १ आणि पिन १९ कुठे जोडल्यास? आणि एफआरसीच्या ईएसपीकडच्या टोकाला किती ग्राउंड जोडलेस?

डेअरीवाला_पोरगा:
ताई, चिपवर एसएन७४एचसी२४५एन लिहिलंय. पिन १ ला ५ व्होल्ट, पिन १९ ग्राउंडला. ग्राउंड एकच जोडलाय, बाकीचे सोडून दिले, मला वाटलं सगळे आतून एकच आहेत तर एक पुरे. दुकानात मी एचसीटी सांगितलं होतं तर ते म्हणाले एकच असतं.

एम्बेडेड_ताई:
एकच नसतं, आणि तुझं निम्मं दुखणं त्या एका "टी" मध्ये आहे.

एचसी चिपला ५ व्होल्ट दिले तर तिला "हाय" म्हणून खात्रीने कळायला सप्लायच्या ७० टक्के लागतात, म्हणजे ३.५ व्होल्ट. तुझा ईएसपी देतो जास्तीत जास्त ३.३. मग टेबलावर कसं चाललं? तर चिपचा खरा उंबरठा साधारण सप्लायच्या अर्ध्यावर, अडीच व्होल्टच्या आसपास असतो, त्यामुळे ३.३ ला ती बहुतेक वेळा "हाय" म्हणूनच धरते. पण डेटाशीटची खात्री ३.५ च्या वरच, त्याच्या खाली आहे ती नुसती मेहरबानी. केबल लांबली, जवळ एसएमपीएस आला, ब्रेडबोर्डचे लूज कॉन्टॅक्ट आले की ती मेहरबानी संपते. आणि गंमत म्हणजे पी१० पॅनलच्या आत शिरल्या शिरल्या जी चिप आहे ती पण ७४एचसी२४५ च आहे (पॅनल उलटं करून बघ, इनपुट कनेक्टरच्या शेजारी २० पायांची असेल). म्हणजे आधी जी अडचण भिंतीवर होती तीच तू उचलून काउंटरवर आणलीस.

एचसीटी मध्ये इनपुटचा भाग मुद्दाम जुन्या टीटीएल (आधीच्या पिढीतल्या ५ व्होल्ट चिपा) च्या मापाने केलेला असतो, २ व्होल्टच्या वर काहीही आलं की हाय, ०.८ च्या खाली लो. आणि आउटपुट मात्र सीमॉसचा, जवळजवळ पूर्ण ५ व्होल्टपर्यंत जाणारा. तुला हेच पाहिजे. फक्त तिला सप्लाय ४.५ ते ५.५ मधलाच द्यायचा, ३.३ वर चालवायची ती चिप नव्हे.

आता घेणारच आहेस तर २४५ ऐवजी ७४एचसीटी५४१ मिळाला तर घे. २४५ दोन्ही बाजूंनी चालणारा आहे, पिन १ दिशा ठरवते, आणि ती पिन लूज झाली किंवा चुकून ग्राउंडला गेली तर चिप उलट्या दिशेने ५ व्होल्ट तुझ्या ईएसपीच्या पिनांवर ढकलते. ईएसपी३२ ला ते झेपत नाही. ५४१ मध्ये दिशाच नाही, २ ते ९ इनपुट, समोर १८ ते ११ आउटपुट, १ आणि १९ दोन्ही ग्राउंडला, विषय संपला. २४४ पण चालेल पण त्याच्या पिना आलटून पालटून आहेत, झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या पाटीवर) वायरी एकमेकांवरून उड्या मारतात, सोल्डर करताना डोकं फिरतं.

लाल पी१० ला सिग्नल सहाच लागतात, ओई (एलईडी चालू-बंद), ए आणि बी (कुठल्या ओळी पेटवायच्या), क्लॉक, लॅच (आत ढकललेले बिट दाखवायला धरणारा) आणि डेटा. उरलेले दोन इनपुट लोंबकळत ठेवू नकोस, ग्राउंडला बांध. १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) कपॅसिटर पिन २० आणि १० च्या अगदी जवळ, "त्याच बोर्डावर कुठेतरी" नाही. ओईच्या इनपुटला १० के चा रेझिस्टर ग्राउंडकडे लाव, या पॅनलला ओई हाय झालं की एलईडी पेटतात, त्यामुळे ईएसपी बूट होताना पिन अधांतरी असली की बोर्ड एकदम भडकतो, ते थांबेल. आणि ब्रेडबोर्ड सोड.

रेडिओ_काका:
माझ्याकडे ७४एलएस२४५ चा अख्खा ट्यूब पडून आहे, ८०८५ (जुना मायक्रोप्रोसेसर) च्या किटमधले. त्या काळी प्रत्येक कॉलेजच्या किटवर डेटा बसला २४५, ॲड्रेसला २४४ आणि मधे ३७३ हे त्रिकूट ठरलेलंच असायचं. एलएसला पण २ व्होल्ट हाय चालतो आणि करंट पण दणकून देतो, २४ मिली अँपिअर खाली ओढतो. मुलाला पाहिजे तर कुरिअर करतो, पैसे नकोत.

एम्बेडेड_ताई:
काका मनापासून आभार, पण इथे एलएस अडकतो. इनपुटचं तुम्ही म्हणता ते बरोबर, घोळ आउटपुटला आहे. एलएसचा हाय ५ व्होल्टपर्यंत जात नाही, साधारण ३.४ च्या आसपास थांबतो आणि डेटाशीट तर लोडवर २.४ चीच हमी देते. समोर पॅनलमधला एचसी ३.५ मागतोय. म्हणजे ३.३ घालवून ३.४ आणले. तुमच्या किटमध्ये समोरची चिप पण एलएसच असायची म्हणून जमायचं.

रेडिओ_काका:
हां, हे बरोबर. खाली ओढायला पैलवान, वर न्यायला लंगडा. मग राहू देत ट्यूबमध्येच.

अनालॉग_अण्णा:
ताईंनी लेव्हलचं सांगितलं ते आधी करच, पण मजकूर एक खांब सरकतो हे लक्षण लेव्हलचं कमी आणि क्लॉकच्या वायरचं जास्त आहे, एचसीटी टाकून ते पूर्ण जाईलच असं नाही, उलट कदाचित वाढेल. कसं ते सांगतो.

पॅनलमध्ये काय आहे? ३२ गुणिले १६ म्हणजे ५१२ एलईडी, एका वेळी चौथा हिस्सा पेटतो, म्हणजे १२८ बिट, म्हणजे १६ शिफ्ट रजिस्टर (दर क्लॉकला बिट एक घर पुढे सरकवणाऱ्या चिपा) ७४एचसी५९५ एकापुढे एक. चार पॅनल म्हणजे ५१२ बिट एका दमात ढकलायचे, मग लॅच. क्लॉक प्रत्येक पॅनलमधल्या २४५ मधून ताजा होऊन पुढे जातो. आता पहिल्याच केबलमध्ये क्लॉकच्या एका चढत्या कडेला (लो वरून हाय होताना) जरा उसळी आली आणि ती उंबरठ्याच्या खाली येऊन परत वर गेली, तर ५९५ ला एकाच्या जागी दोन क्लॉक दिसतात. तोच बिट दोनदा आत गेला. त्याच्या आधी जेवढे बिट पाठवले होते ते सगळे एक घर पुढे. आणि आधी पाठवलेले बिट कुठे असतात? सगळ्यात लांबच्या पॅनलमध्ये. म्हणून दोष पहिल्या केबलमध्ये असून बोंब चौथं पॅनल मारतंय, आणि तू ते बिचारं बदलत बसलास. ठिपके भलत्या ओळीत जातात त्याचं पण कारण हेच, या पॅनलमध्ये आठ-आठ ठिपक्यांचे तुकडे चार-चार ओळी सोडून एकमेकांत गुंफलेले असतात, सरकताना तुकड्याच्या कडेचा ठिपका शेजारी जात नाही, चार ओळी सोडून वर नाहीतर खाली जातो.

आता उसळी येते कशाने. अडीच मीटर केबल पार करायला सिग्नलला साधारण १२-१३ नॅनोसेकंद लागतात, तेवढेच परत यायला. चिपची कडा त्याच्या निम्म्यातच वर चढून मोकळी होते. म्हणजे कडा केबलच्या पलीकडच्या टोकाला आपटून परत येते, विहिरीत हाक मारल्यावर येते तशी, आणि इथून परत तिकडे. तू क्लॉक ४ चा १ मेगाहर्ट्झ केलास म्हणजे दोन कडांमधलं अंतर वाढवलंस, कडेचा स्वतःचा वेग तोच राहिला. सेकंदाला दहा लाख कडा असोत की दहा हजार, प्रत्येक कडा तेवढीच उसळणार. क्लॉक कमी करून फरक पडत नाही हे ऐकलं तेव्हाच समजायचं की बघायचं ते कडेकडे. एचसीटीने उसळी वाढेल म्हणालो ते पण यासाठी, ३.३ ऐवजी ५ व्होल्टची झेप म्हणजे आपटणार पण तेवढ्याच जोरात.

उपाय स्वस्त आहे. बफरच्या आउटपुटला लगेच, केबलच्या आधी, प्रत्येक लाइनमध्ये एक रेझिस्टर सिरीजमध्ये. ४७ ते १०० ओहममधला कुठलाही, मी ६८ ने सुरुवात करेन. बफरचा आतला थोडा आणि हा मिळून केबलच्या इंपीडन्सच्या (धावत्या कडेला केबल करते तो विरोध) आसपास आले की परत आलेली हाक इथे गिळली जाते. पॅनलच्या टोकाला नाही, बफरच्या टोकाला, लोक इथेच उलटं करतात. सगळ्यांना जमत नसेल तर निदान क्लॉक आणि लॅचला लावच. क्लॉकला १०४ टाका असं सांगणारे पण भेटतील, त्यांना नमस्कार कर आणि पुढे चल, त्याने क्लॉकच मरेल.

दुसरं, ग्राउंड. एफआरसीच्या पट्टीत वायरी एक सिग्नल एक ग्राउंड अशा आलटून पालटून येतात ते उगाच नाही. जाणाऱ्या करंटला परत यायची वाट शेजारीच मिळावी म्हणून. तू एकच जोडलास, आता सहाही सिग्नलचा परतीचा करंट त्या एका वायरीतून येतोय आणि शेजाऱ्याची कडा क्लॉकमध्ये मिसळतेय. केबलला हात लावल्यावर बदलतं ते त्यामुळेच. १६ पिनांचा बॉक्स हेडर सोल्डर कर आणि सगळे ग्राउंड एकत्र बांध.

तिसरं ब्राइटनेसचं. पॉवरची वायर किती जाडीची आहे?

डेअरीवाला_पोरगा:
अण्णा, पाऊण एमएमची आहे, घरात पडलेली होती.

अनालॉग_अण्णा:
वाटलंच. पाऊण एमएमला मीटरला साधारण २४ मिलीओहम, अडीच मीटरला ६०. फुल ब्राइटनेसला ६ अँपिअर जरी धरले तरी काळ्या वायरीवर ०.३६ व्होल्ट पडतात. म्हणजे पॅनलचा ग्राउंड ईएसपीच्या ग्राउंडपेक्षा तेवढा वर उचलला गेला, आणि तुझा ३.३ चा हाय तिथे पोचेपर्यंत २.९ झाला. ब्राइटनेस वाढला की बिघडतं ते असं. वर त्यातला काही करंट तुझ्या त्या एकुलत्या ग्राउंडच्या बारीक वायरीतून परत यायला बघतो, ती गरम होत नसेल तर नशीब. निदान अडीच एमएमची वायर टाक, आणि बोर्डाकडे एकाच पॅनलला न देता दोन-दोन पॅनलला वेगळी फांदी दे. त्याहून बरं म्हणजे एसएमपीएसच बाहेर बोर्डाच्या पेटीत ने.

सोल्डर_सम्राट:
एवढं सगळं करण्यापेक्षा तो निळा लेव्हल शिफ्टरचा मॉड्यूल येतो ना चार चॅनलचा, तो लावला तर? मी सेन्सरला वापरतो, एकदम ओके.

एम्बेडेड_ताई:
त्यात बीएसएस१३८ मॉसफेट आणि १० के चे पुलअप असतात. आय२सी (दोन वायरींवर बोलणाऱ्या) सेन्सरला उत्तम, तिथे लाइन खाली ओढायची असते आणि वर रेझिस्टर नेतो. पण त्या १० के ला अडीच मीटर केबल भरायला सांगितली तर कडा चढता चढता वेळ जातो, मेगाहर्ट्झचा क्लॉक तिथे सपाट होतो. आपोआप दिशा ओळखणारे टीएक्सएस०१०८ वाले मॉड्यूल पण केबलसाठी नाहीत, लांब वायर दिसली की त्यांना कळत नाही सिग्नल कुठून येतोय. केबल ओढायची तर ड्रायव्हरच पाहिजे.

डेअरीवाला_पोरगा:
सगळ्यांचे खूप आभार. अपडेट देतो. ७४एचसीटी५४१ मिळाला नाही, ७४एचसीटी२४५ मिळाला (या वेळी दुकानातच चिपवरचं वाचून घेतलं), झिरो पीसीबीवर केला, सगळे ग्राउंड जोडले, पिन १ थेट ५ व्होल्टला सोल्डर केली. रेझिस्टर न लावता आधी मुद्दाम चालवून बघितलं. ठिपके गायब होणं पूर्ण बंद, पण अण्णा म्हणाले तसं खांब सरकणं चालूच, थोडं जास्तच. मग ६८ ओहम सगळ्या लाइनला टाकले आणि मजकूर जागचा हलत नाहीये. वायर अजून तीच आहे, फुल ब्राइटनेसला चौथं पॅनल जरा मंद दिसतं, अडीच एमएम आणतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये डीएसओ (डिजिटल ऑसिलोस्कोप) आहे, त्याच्यावर बघायचं ठरवलंय. माझ्याकडे तो आठ चॅनलचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर आहे त्यात तर आधीपण क्लॉक एकदम चौकोनी दिसत होता??

अनालॉग_अण्णा:
दिसणारच. तो फक्त शून्य की एक एवढंच लिहून घेतो, तेही सेकंदाला २४० लाख वेळाच, म्हणजे दोन नोंदींमध्ये ४० नॅनोसेकंद. तेवढ्यात उसळी येऊन जाते. डीएसओ १०० मेगाहर्ट्झचा असेल तर दिसेल, पण प्रोबची ती मगरीच्या तोंडाची लांब ग्राउंड वायर काढून छोटी स्प्रिंग लाव, नाहीतर त्या वायरीचीच उसळी बघून घाबरशील. आणि बघायचं पॅनलच्या इनपुटला, बफरपाशी नाही. रेझिस्टर लावल्यावर बफरपाशी तर कडा मधेच पायरीसारखी थांबलेली दिसते, ते बरोबर असतं, त्याला दुरुस्त करत बसू नकोस.

डेअरीवाला_पोरगा:
ओके अण्णा. अजून एक, काकांना आता जोश आलाय, म्हणतात असाच दुसरा बोर्ड रस्त्याच्या कडेला गेटवर लाव. ते अंतर ४० मीटर तरी असेल. हाच बफर आणि लांब एफआरसी चालेल का, की दर ५ मीटरला एक २४५ टाकत जाऊ?

एम्बेडेड_ताई:
नको नको. २४५ ची माळ लावलीस तर प्रत्येक टप्प्याला क्लॉक आणि डेटामध्ये थोडा थोडा फरक साठत जाईल, आणि प्रत्येक ठिकाणी ५ व्होल्ट पोचवायचे वेगळेच. ४० मीटरवर ग्राउंड दोन्हीकडे सारखा असेल असं धरताच येत नाही. तिथे डिफरन्शियल लागतं, एका सिग्नलला दोन वायरी आणि समोरचा फक्त त्या दोघींमधला फरक बघतो. पाठवायला एएम२६एलएस३१ आणि घ्यायला ३२ अशी जोडी येते, एका चिपमध्ये चार लाइन, इनपुट टीटीएलचा असल्यामुळे ३.३ थेट चालतो. पण तुला सहा सिग्नल, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन चिपा, आणि कॅट६ मध्ये जोड्या चारच, म्हणजे केबल पण दोन. कशाला.

बोर्डाचा क्लॉक ४० मीटर नेण्यापेक्षा नुसते आकडे ने. दुसरा ईएसपी गेटवरच्या बोर्डाच्या मागे ठेव, त्याच्यापासून पॅनलपर्यंत वीतभर एफआरसी आणि मधे एचसीटी बफर. काउंटरवरून त्याला कोड, लिटर, फॅट, दर एवढंच आरएस४८५ (हे पण डिफरन्शियलच) वर पाठव, ९६०० बॉडला, एक पिळाची जोडी आणि सोबत ग्राउंडची एक वायर. ही पद्धत हजार मीटरच्या पुढे पण जाते, ४० म्हणजे काहीच नाही.

सोल्डर_सम्राट:
वायफाय आहे की ईएसपी मध्येच, वायर कशाला?

एम्बेडेड_ताई:
वायफाय पण चालेल, आधी तेच करून बघ हवं तर. फक्त मधे पत्र्याची शेड आणि सकाळच्या गर्दीत राउटरला लटकलेले सगळ्यांचे फोन, यात एखादा आकडा उशिरा पोचला तर आधीच्या माणसाची फॅट पुढच्याच्या नावावर दिसेल, आणि मग ते आजोबा. वायर टाकणं शक्य असेल तर मी वायर टाकेन. दोन्हीकडे आरएस४८५ साठी मॅक्स३४८५ चिप घे, मॅक्स४८५ नको, तो ५ व्होल्टवर चालतो आणि त्याचा आरओ (आलेला डेटा ईएसपीला देणारी पिन) ५ व्होल्ट देतो, ईएसपीच्या पिनेला परत तेच दुखणं उलट्या बाजूने. दोन्ही टोकांना १२० ओहम लाव, बऱ्याच मॉड्यूलवर आधीच लावलेला असतो, मल्टिमीटरने बघून घे.

डेअरीवाला_पोरगा:
ताई आमच्या शेडला पत्राच आहे. वायरच टाकतो, वीज मंडळाच्या लाइनच्या बाजूने न्यावी लागेल, पाइप वेगळा घेऊ ना?

अनालॉग_अण्णा:
वेगळाच घे, आणि २३० शी समांतर जाणार असेल तर मधे वीतभर तरी अंतर ठेव. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांड. गेटवरच्या टोकाला आरएस४८५ च्या ए आणि बी दोन्ही वायरींवर सर्ज सप्रेसर (व्होल्टेजचा झटका अडवणारा) पण टाकून ठेव, एसएम७१२ या कामासाठीच येतो, पावसाळ्याच्या आधी.